परीक्षांचे पंचांग

राज्याच्या सामाइक प्रवेश परीक्षा कक्षाने एमएचटी-सीईटी ही परीक्षा २०२६ च्या प्रवेशांपासून एकदाच्या ऐवजी दोनदा, एप्रिलमध्ये आणि पुन्हा मे महिन्यात, घेण्याचे ठरविले, त्यांपैकी दुसरी ऐच्छिक ठेवली आणि दोहोंपैकी जिचे पर्सेंटाइल अधिक तीच गुणवत्ता यादीसाठी ग्राह्य धरण्याचे मान्य केले, तेव्हा ठाण्याच्या नौपाड्यापासून कल्याणच्या खडकपाड्यापर्यंत ज्या ज्या घरी बारावीचे मूल आहे त्या त्या घरी सुटकेचा निःश्वास टाकला गेला. तो अस्वाभाविक नव्हता. एका सकाळच्या तीन तासांवर, त्या सकाळी अंगात भरलेल्या तापावर, ऐनवेळी बंद पडलेल्या संगणकावर किंवा कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान खोळंबलेल्या लोकलवर दोन वर्षांचे श्रम टांगलेले राहू नयेत, ही अपेक्षा न्याय्यच आहे. परंतु सवलत मिळाली की तिचा उपयोग कसा करावयाचा याचा विचार देणाऱ्यानेच केला असेल असे गृहीत धरून आपण स्वस्थ बसतो आणि कालांतराने ती सवलतच गळ्यातील लोढणे होऊन बसते, असा या शहरांतील मध्यमवर्गाचा प्रवेश परीक्षांच्या बाबतीतला आजवरचा अनुभव आहे. जेईई मेन ही परीक्षा २०१९ पासून वर्षातून दोनदा होऊ लागली तेव्हाही तिचे असेच स्वागत झाले होते; आज जानेवारीची जेईई आणि एप्रिलची जेईई यांतून निवड करावयाची असते याचा विसर पडून दोन्ही देणे हे जणू प्रत्येक विज्ञान-विद्यार्थ्याचे विहित कर्म झाले आहे.

बारावी विज्ञानाचे वर्ष एकदा पंचांगासारखे समोर उलगडून पाहावे. दिवाळीच्या आगेमागे अभ्यासक्रम संपविण्याची लगबग. मग महाविद्यालयाची प्रिलिम. जानेवारीच्या उत्तरार्धात जेईई मेनचे पहिले सत्र आणि त्याच दिवसांत मंडळाच्या प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची लेखी परीक्षा. एप्रिलच्या आरंभी जेईईचे दुसरे सत्र. त्याच्या पाठोपाठ सीईटी. मेच्या आरंभीच्या रविवारी वैद्यकीयची नीट. मेनमधून जे अडीच लाख विद्यार्थी पात्र ठरतात त्यांच्यासाठी मे महिन्यातच जेईई ॲडव्हान्स्ड. आणि आता याच मे महिन्यात सीईटीची दुसरी फेरी. या मांडणीतील गर्दी केवळ कागदावरची नव्हे. २०२५ साली जेईईचे पहिले सत्र २२ जानेवारीला सुरू झाले, मंडळाची प्रात्यक्षिके २४ जानेवारीपासून १० फेब्रुवारीपर्यंत चालली आणि नेहमीच्या परिपाठाहून सुमारे दहा दिवस आधी, म्हणजे ११ फेब्रुवारीला, लेखी परीक्षेला प्रारंभ झाला. त्या पहिल्या दिवशीच जेईईच्या जानेवारी सत्राचा निकालही प्रसिद्ध झाला. इंग्रजीचा पेपर देऊन घरी परतलेल्या मुलाने पुढच्या पेपरचे पुस्तक उघडावे की आपले पर्सेंटाइल पाहावे, आणि ते मनाजोगते नसेल तर उरलेला महिना कोणत्या मनःस्थितीत काढावा, याचा विचार त्या दोन तारखा मुक्रर करणाऱ्या दोन कचेऱ्यांपैकी एकीनेही केला असावा असे दिसत नाही. त्याच वर्षी २७ एप्रिलच्या सीईटीत गणिताचे २१ प्रश्न सदोष निघाल्यामुळे फेरपरीक्षा ५ मे रोजी ठेवावी लागली. ४ मे रोजी नीट झालेली होती आणि ५ मे रोजीच बारावीचा निकालही लागला.

हे झाले पंचांगाचे शेवटचे टोक. आरंभीचे टोक याहूनही ढिले आहे. २०२५ साली अकरावीचे प्रवेश प्रथमच सबंध राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने झाले आणि पसंतिक्रम, फेऱ्या, कोटे व संकेतस्थळाच्या तक्रारी यांच्या घोळात वर्ग भरावयास ऑगस्ट उजाडला. मार्चमध्ये दहावीची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या मुलांचे जवळजवळ पाच महिने कोणत्याच महाविद्यालयाच्या खात्यावर जमा झाले नाहीत. ऑगस्टपासून पुढील इयत्तेच्या जानेवारीपर्यंत मोजले तर सतरा महिने भरतात, आणि त्यांतूनही दोन दिवाळ्या, एक उन्हाळी सुटी, अकरावीची वार्षिक परीक्षा व पावसाने लोकल बंद पाडलेले दिवस वजा घालावे लागतात. घोडबंदर रस्त्यावरील सीबीएसईच्या शाळेतील त्यांचा समवयस्क बहुधा एप्रिलमध्येच अकरावीच्या वर्गात जाऊन बसलेला असतो. एकाच जानेवारीत, एकाच प्रश्नपत्रिकेला हे दोघे सामोरे जातात, तेव्हा त्यांच्यामधील चार महिन्यांचे अंतर गुणपत्रिकेच्या कोणत्याही रकान्यात नमूद होत नाही. पहिली परीक्षा केव्हा द्यावी हा प्रश्न ज्याला खरोखर सोडवावयाचा आहे त्याने प्रथम हे महिने मोजावेत. आणि मोजताना आपले मोजावेत, समोरच्या बिऱ्हाडातील मुलाचे नव्हेत.

महिन्यांच्या या हिशेबात आपल्या शहरांचा एक खास तपशील मिसळावा लागतो, तो म्हणजे प्रवास. ठाण्याच्या चेंदणीतील बांदोडकर, डोंबिवलीचे पेंढरकर, कल्याणचे बिर्ला ही विज्ञानाच्या शिक्षणाकरिता नावाजलेली महाविद्यालये येथे आहेत, तरीही डोंबिवलीचा मुलगा मुलुंडला किंवा माटुंग्याला जातो आणि कल्याणची मुलगी ठाण्याला क्लासला येते, ही जुनी रीत आहे. गाडीची वाट पाहणे, डब्यात शिरता येणे आणि उतरता येणे, स्थानकापासून रिक्षाची रांग, या सर्वांत दिवसाचे दोन-अडीच तास सहज खर्ची पडतात. ही नड ओळखूनच 'इंटिग्रेटेड' नावाची व्यवस्था फोफावली: नाव एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, आणि विद्यार्थी मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्लासच्या वातानुकूलित खोलीत. शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचे फर्मान काढून पाहिले. त्याने यंत्रे विकली गेली असतील, पण वर्ग भरले नाहीत. परिणाम असा की परीक्षांच्या तारखा दिल्ली, पुणे आणि मुंबई ठरवितात, आणि त्या तारखांपैकी कोणती कोणाकरिता, हे क्लास ठरवितो. क्लासचे वेळापत्रक तेथील सर्वांत वेगवान तुकडीच्या गतीने आखलेले असते, कारण जूनमध्ये स्थानकाबाहेर जे फलक लागावयाचे असतात त्यांवर याच तुकडीतील चेहरे झळकावयाचे असतात. बाकीच्या तुकड्या त्याच गतीने ओढल्या जातात, आणि जानेवारीचा अर्ज सर्वांचाच सरसकट भरला जातो. जिन्यात भेटलेल्या शेजारीणबाईंनी "काय हो वहिनी, जानेवारीचा फॉर्म भरला ना?" असे सहज विचारले असता "नाही, आम्ही एप्रिललाच बसवणार आहोत" असे शांतपणे सांगणारी आई मला अद्याप भेटावयाची आहे.

वस्तुतः तसे सांगण्यास पुष्कळ आधार आहे. ज्याचे लक्ष आयआयटी किंवा एनआयटी यांवर केंद्रित झालेले आहे, आणि दोन्ही वर्षांचा एनसीईआरटीचा अभ्यासक्रम ज्याचा दिवाळीपर्यंत एकवार पुरा होऊन घरच्या घरी सोडविलेल्या सराव-प्रश्नपत्रिकांतील गुण स्थिर झालेले आहेत, त्याने जानेवारीला अवश्य बसावे. कारण तेव्हा चांगला गुणांक पदरी पडला तर फेब्रुवारी व मार्च हे दोन महिने निर्वेधपणे मंडळाच्या परीक्षेकडे आणि नंतर ॲडव्हान्स्डकडे वळविता येतात, आणि न पडला तरी दोहोंपैकी अधिक तोच धरला जात असल्याने नुकसान होत नाही. मात्र असे विद्यार्थी कोणत्याही तुकडीत मूठभरच असतात. उरलेल्यांपैकी बहुसंख्यांची खरी आकांक्षा, निदान घरातील गंभीर चर्चेत, माटुंग्याचे व्हीजेटीआय, पुण्याचे सीओईपी किंवा ठाणे-नवी मुंबईतील बरे खाजगी महाविद्यालय एवढीच असते, आणि त्या सर्वांचा मुख्य दरवाजा सीईटी हाच आहे. जेईईवर तेथील थोड्याशा अखिल भारतीय जागा मिळतात एवढ्याच कारणासाठी जानेवारीचा महिना खर्ची घालणे, म्हणजे दिंडी-दरवाजासाठी महाद्वार सोडणे होय.

या दोन परीक्षांची प्रकृतीच मुळात भिन्न आहे, आणि वेळेचे नियोजन करावयाचे ते या भिन्नतेवरून. जेईई मेनमध्ये १८० मिनिटांत ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा, आणि अकरावी-बारावी दोहोंवर सारखाच भर. सीईटीच्या पीसीएम गटात भौतिक व रसायन मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न, गणिताचे ९० मिनिटांत ५०, चुकीला वजावट नाही, पाया राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांचा, आणि सुमारे ८० टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमावर. पहिलीत विचारपूर्वक प्रश्न सोडून देण्याचे शहाणपण लागते. दुसरीत एकही प्रश्न न सोडता वेगाने पुढे जाण्याची सवय लागते. ज्या हाताला जेईईच्या तीन महिन्यांनी थबकण्याची सवय लावली त्याच हाताकडून पंधरवड्याच्या आत सीईटीचा वेग मागणे हे अन्यायाचे आहे. उलटपक्षी बारावीची लेखी परीक्षा आणि सीईटी यांचे नाते फार जवळचे आहे: एकाच पुस्तकातील तोच धडा फेब्रुवारीत विस्ताराने लिहावयाचा आणि एप्रिलमध्ये पर्यायांतून ओळखावयाचा. म्हणून सामान्य बुद्धीच्या, कष्टाळू विद्यार्थ्याने (आणि आपण बहुतेक सगळे याच वर्गात मोडतो, हे मान्य करावयास काय हरकत आहे?) डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ निःशंकपणे राज्य मंडळाच्या पुस्तकांना द्यावा, मार्चचा उत्तरार्ध वेगाच्या सरावाला द्यावा आणि एप्रिलची सीईटी ही आपली मुख्य परीक्षा समजून द्यावी. जेईई द्यावयाचीच असेल तर एप्रिलच्या सत्रात, अपेक्षेचे ओझे न घेता द्यावी.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की बोर्डाच्या गुणांना आता कोण विचारतो? अभियांत्रिकीच्या प्रवेशास खुल्या प्रवर्गाला पीसीएममध्ये ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के पुरतात, ही गोष्ट खरी. परंतु खुल्या प्रवर्गापुरते बोलावयाचे तर एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान ही अट कायम आहे, नीटच्या विद्यार्थ्याला भौतिक-रसायन-जीवशास्त्रात ५० टक्क्यांची अट आहे. आणि भौतिक व रसायन या विषयांत प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, जे जानेवारीच्या त्या धांदलीत प्रयोगवहीवर सही मिळविण्याच्या घाईपुरते उरतात. शिवाय एक व्यावहारिक मुद्दा असा की मुलाचे मन बदलते. मार्चमध्ये अभियांत्रिकीचा ध्यास घेतलेला मुलगा जूनमध्ये शुद्ध गणिताकडे किंवा सांख्यिकीकडे वळतो, तेव्हा त्याला एखाद्या चांगल्या महाविद्यालयाच्या दारात उभे करतात ते बारावीचे गुणच.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे: जानेवारीला बसल्याने 'सराव' तर होतो! संगणकाच्या पडद्यावर प्रश्न सोडविण्याची, अनोळखी केंद्रात तीन तास बसण्याची धास्ती जाते हे मान्य. परंतु तेवढ्यासाठी सराव-परीक्षा पुरेशा असतात, आणि त्यांचा निकाल बोर्डाच्या पहिल्या पेपरच्या दिवशी जगजाहीर होत नाही. ज्या परीक्षेचा गुणांक आयुष्यभर कागदावर राहणार नाही तिलाही मनात मात्र जागा लागते. अपुऱ्या तयारीने दिलेल्या परीक्षेचे अपुरे फळ हे सतराव्या वर्षी आपल्या बुद्धीवरील निवाड्यासारखे वाटते, तयारीवरील वाटत नाही. आणि हा फरक समजावून सांगणारा माणूस घरात असेलच असे नाही.

दोन सीईटींविषयीही एक गणित स्पष्ट करून ठेवणे इष्ट आहे. पर्सेंटाइल म्हणजे मिळालेले गुण नव्हेत. आपल्याबरोबर त्याच सत्रात बसलेल्यांपैकी शेकडा किती जण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुणांचे ठरले, त्याचा तो निर्देशांक. जागा जितक्या आहेत तितक्याच राहणार. पाडव्याच्या शोभायात्रेत डोंबिवलीच्या फडके रोडवर पुढच्या रांगेने टाचा उंचावल्या की मागच्यांनाही उंचवाव्या लागतात, आणि अखेरीस सर्वांचे पाय दुखतात पण कोणालाच पूर्वीपेक्षा अधिक दिसत नाही. एप्रिलची सीईटी सर्वांनी 'पहिला अटेम्प्ट' म्हणून सैलपणे दिली आणि मेची सर्वांनी नेटाने दिली, तर यादीतील क्रम जवळजवळ तोच राहून केवळ एक महिना आणि एक शुल्क अधिक जाईल. ज्याचा पहिला दिवस खरोखर वाया गेला, आजारपणाने, घरातील दुःखाने, यंत्राच्या दोषाने, त्याच्याकरिताच दुसरी संधी अर्थपूर्ण आहे. तिचा लाभ त्यालाच मिळावयाचा असेल तर ज्याला पहिल्या खेपेस आपल्या सरावाच्या सरासरीइतके पर्सेंटाइल मिळाले त्याने दुसरीच्या वाटेला न जाण्याचा संयम पाळावा. हा उपदेश परोपकाराचा नाही. सरावात सातत्याने ९२ च्या आसपास राहणाऱ्या मुलाला एप्रिलमध्ये ९३ मिळाले असता मेमध्ये ९८ मिळतील या आशेवर आणखी एक महिना कोंडून ठेवणे त्याच्याच प्रकृतीला बाधक आहे.

दुसऱ्या संधीकडे पाहण्याची आपली दृष्टी किती पालटली आहे, याची मौज वाटते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याने पहिली मॅट्रिक घेतली. ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षाच होती, आणि महादेव गोविंद रानडे हे तिच्या पहिल्या यशस्वी तुकडीतले. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या मार्चचा एक हंगाम हेच शिक्षणाचे एकमेव पर्व राहिले. मंडळाची ऑक्टोबरची परीक्षा असे, पण 'ऑक्टोबरची वारी' ही नापासांची मानली जाई, आणि तिला जाणारे मूल नातेवाइकांच्या लग्नकार्यात मागे मागे राही. नव्वदच्या दशकापर्यंत अभियांत्रिकीचे प्रवेश बारावीच्या पीसीएमच्या बेरजेवर होत, तेव्हा तर एका गुणासाठी उत्तरपत्रिकेची फेरतपासणी मागण्याची पाळी येई. त्या व्यवस्थेविषयी हळहळण्याचे मला कारण दिसत नाही. एका दिवसावर सगळे पणाला लावणारी ती पद्धत क्रूरच होती. फक्त तिचा एक गुण होता: तारीख सर्वांना ठाऊक असे.

पुढे तारीखच नव्हे तर परीक्षाही कोणती, हेच अनिश्चित झाले. २०१३ साली नीट आली आणि त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१४ व २०१५ ही दोन वर्षे महाराष्ट्राने अभियांत्रिकीसाठी स्वतःची सीईटी बाजूस ठेवून जेईई मेन स्वीकारली आणि २०१६ साली पुन्हा सीईटीकडे मोर्चा वळविला. त्याच २०१६ साली न्यायालयाने नीट पुनरुज्जीवित केली, तेव्हा ५ मे रोजी सीईटी दिलेल्या वैद्यकीयच्या इच्छुकांना आपली परीक्षा गणली जाणार की नाही हे केंद्राच्या वटहुकुमापर्यंत समजले नव्हते. २०२४ साली नीटच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळाल्याचे दिसले, वाढीव गुणांचा वाद न्यायालयात गेला आणि १,५६३ विद्यार्थ्यांना २३ जूनला फेरपरीक्षेची मुभा मिळाली. म्हणून पालक जेव्हा म्हणतात की आम्ही नियोजन काय करणार, नियमच बदलतात, तेव्हा त्यांच्या म्हणण्यात तथ्य असते. पण ज्या गोष्टी बदलतात त्यांची धास्ती घेऊन सर्वच अर्ज भरत सुटणे हा त्यावर उतारा नव्हे. ज्या बदलत नाहीत, म्हणजे मुलाची तयारी, त्याची गती, घरापासूनचे अंतर, यांवर आपल्या निर्णयाचा पाया घालावा.

अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतली जाणारी सॅट ही परीक्षा वर्षातून अनेकदा होते. तेथील विद्यार्थी साधारणपणे अकरावीच्या वसंतात ती प्रथम देतो, उन्हाळ्यात उणिवा भरून काढतो आणि बारावीच्या आरंभी, प्रवेशाचे अर्ज भरावयाच्या आधी, पाहिजे तर पुन्हा देतो. तारीख तो निवडतो. ठाण्यातील आंतरराष्ट्रीय शाळांतून परदेशी जाऊ पाहणारी काही मुले हीच परीक्षा येथून देतात. करोनाच्या काळात तेथील अनेक विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली आणि एमआयटीने २०२२ साली ती पुन्हा सक्तीची केली, असे चढउतार तिकडेही आहेत. अनुकरण करण्याजोगी बाब एवढीच की तेथे परीक्षा आणि शाळेचे वर्ष यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवलेली आहे. आपल्याकडे जानेवारी ते मे या पाच महिन्यांत सगळे ठासून भरलेले.

वर्ष सोडून पुन्हा बसणे, ज्याला मुले 'ड्रॉप घेणे' म्हणतात, तो निर्णय बहुधा निकालाच्या आठवड्यात, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी घेतला जातो. तो आदल्या डिसेंबरातच, कोणताही निकाल हाती नसताना, अटींच्या रूपाने ठरवून ठेवावा, असे माझे मत आहे: अमुक इतके पर्सेंटाइल आणि रोज जाऊन-येऊन शिकता येईल असे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावयाचे, न मिळाले तरच वर्ष द्यावयाचे, आणि तेही एकच. जेईई मेनला सलग तीन वर्षे बसता येते, ॲडव्हान्स्डला सलग दोन वर्षे दोनदाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही दोनची मर्यादा तीनवर नेल्याचे जाहीर झाले आणि दोन आठवड्यांच्या आत ते मागे घेण्यात आले. मधल्या दिवसांत त्या भरवशावर महाविद्यालय सोडून बसलेल्यांना अखेर सर्वोच्च न्यायालयाचा आसरा घ्यावा लागला. नीटला मात्र प्रयत्नांची कमाल मर्यादाच नाही, आणि वैद्यकीयच्या ध्यासात तिसरे, चौथे वर्ष घालविणारी मुले कल्याण-डोंबिवलीच्या अभ्यासिकांत सहज भेटतात. तेथे मर्यादा घरानेच घालावयाची आहे.

नीटचा प्रश्न तारखांच्या दृष्टीने सोपा वाटतो, कारण दिवस एकच, आणि निवडीला वावच नाही. कागदावरची ही परीक्षा रविवारी दुपारी असते, आणि मध्य रेल्वेवर रविवार हा मेगाब्लॉकचा वार, एवढे लक्षात ठेवून केंद्र आदल्या दिवशी पाहून यावे. जीवशास्त्राच्या मुलीने सीईटीचा पीसीबी गटही द्यावा का? औषधनिर्माणशास्त्राकडे किंवा कृषी-शाखेकडे जाण्याची खरोखर तयारी असेल तर द्यावा. केवळ 'असू दे' म्हणून देऊ नये. नीटच्या आधीचा पंधरवडा फार मोलाचा असतो.

आता राहिला सरकारचा भाग. मंडळ पुण्यात, सीईटी कक्ष मुंबईत, जेईई मेन आणि नीट घेणारी एनटीए दिल्लीत. तिघांची दप्तरे वेगळी, तिघांच्या अडचणी वेगळ्या, हे मान्य करूनही या तिघांनी वर्षातून एकदा एका मेजाभोवती बसून अकरावीचे वर्ग सुरू होण्यापूर्वी पुढील दोन वर्षांच्या तारखांचा कच्चा खर्डा प्रसिद्ध करावा, यात अशक्य असे काय आहे? प्रात्यक्षिके आणि जेईई एकमेकांवर येणार नाहीत एवढी तजवीज तर एका पत्राने होईल. अकरावीचे प्रवेश जुलैच्या आत संपविणे हे सर्वस्वी राज्याच्या हाती आहे, आणि त्यानेच विद्यार्थ्याच्या पदरी सर्वांत अधिक दिवस पडतील. दुसऱ्या सीईटीपुरते बोलावयाचे तर पहिलीचा निकाल हाती पडून निदान चार दिवस लोटल्याखेरीज दुसरीच्या अर्जाची मुदत संपता कामा नये. पहिलीत काय मिळाले हे ठाऊक नसताना भरावयास लावलेला दुसरीचा अर्ज ऐच्छिक कसा म्हणावयाचा? आणि ज्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षा कक्षाच्याच चुकीने बिघडली असेल त्याच्याकडून दुसरीचे शुल्क घेऊ नये.